कप्तान की मिरी

चष्मेताईंच्या दुकानात मागच्या बाजूला, पडद्याआड, एक उंच खुर्ची आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर ताई एक जड गोल चौकट चढवतात, तिच्यात भिंग सरकवतात, समोरच्या अक्षरांकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "हे बरं," मग भिंग बदलून, "की हे बरं?" सव्वीस वर्षं झाली, त्या हा एकच प्रश्न विचारत आल्या आहेत. माणसं घुटमळतात. कुणी म्हणतं, परत एकदा दाखवा. कुणी म्हणतं, दोन्ही सारखंच वाटतंय. हे दुसरं उत्तर ताईंच्या डोक्यात जातं. "सारखं कसं असेल? बघायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. जावई निवडताय का?" असं त्या तोंडावर विचारतात. तरी गिऱ्हाईक टिकून आहे, कारण ताईंनी काढलेला नंबर सहसा चुकत नाही.

अशा या ताईंवर दोन घोड्यांमधून एक निवडायची वेळ आली आणि आठवडाभर त्यांनी चार माणसांच्या तोंडचं पाणी पळवलं. त्याची ही हकिकत.

चष्म्याच्या दुकानाचा घोड्याशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध मास्तरांमुळे आला. गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेतले हे मास्तर आठ वर्षांपूर्वी एक चपटा झालेला चष्मा रुमालात बांधून दुकानात आले होते. "घोड्याने पाय दिला," ते म्हणाले, जणू असं रोजच होतं. (रोज नाही, पण महिन्यातून एकदा होतं, हे ताईंना पुढे कळलं.) ताईंनी तासभर खपून काड्या सरळ केल्या आणि नवी भिंगं बसवून दिली. मास्तर खूश झाले. म्हणाले, "रविवारी या, बसवतो तुम्हाला." तेव्हा ताई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सायकलखेरीज कशावरही बसलेल्या नव्हत्या. पण फुकट मिळालेली गोष्ट वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून गेल्या.

मास्तर शिकवत ती इंग्लिश पद्धत. या पद्धतीत खोगीर लहान आणि सपाट असतं आणि पुढे धरायला मूठ वगैरे काही नसते. लगाम दोन्ही हातांत असतो, पण तोही आधारासाठी नाही. त्यातून घोड्याशी बोटांनी बोलायचं असतं, तेही हळू आवाजात म्हणावं तसं. घोडा दुडक्या चालीने निघाला की त्याच्या पावलांबरोबर आपण रिकिबीत उठायचं आणि बसायचं, उठायचं आणि बसायचं. हे बघायला फार सोपं दिसतं. पहिल्या रविवारनंतर ताईंना तीन दिवस जिना उतरता आला नाही. चौथ्या रविवारी फाटक उघडायच्या आधीच त्या बाहेर उभ्या होत्या.

त्यांना का आवडलं, हे त्यांनी एकदाच, नवऱ्याला सांगितलं होतं. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत वीतभर अंतरावरून परक्या माणसाच्या बुबुळात बघायचं. घोड्यावर बसलं की लांबचं दिसतं. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी त्या सहा वर्षं एकही रविवार चुकल्या नाहीत. शाळेतल्या एका म्हाताऱ्या, शहाण्या घोड्यावर त्या बसत. त्याला सगळे आजोबा म्हणत.

नवरोबांचं सलून शेजारच्याच गाळ्यात आहे. भिंतीच्या अलीकडे माणसांचे डोळे आणि पलीकडे माणसांचे केस, अशी या संसाराची वाटणी. केस कापणारे बोलघेवडे असतात अशी एक समजूत आहे. नवरोबा तिला अपवाद. "हं" या एका अक्षरावर त्यांनी तीस वर्षांचा संसार निभावून नेला आहे, आणि ताईंचं मत असं, की निम्म्या वेळा ते ऐकतही नाहीत.

मग दीड वर्षापूर्वी ताई पडल्या. आजोबांवरून नाही, दुसऱ्याच एका तरण्या घोड्यावरून. डाव्या वळणावर वाऱ्याने एक ताडपत्री फडफडली, घोडा उजवीकडे उडाला, ताई होत्या तिथेच राहिल्या आणि मग खाली आल्या. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात बांधून त्या दुकानात बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसत सांगत राहिल्या, "अहो, पडल्याशिवाय कुणी स्वार होतो का?" पडलो तरी नाक वर, म्हणतात ते हेच. हाड छान जुळलं. तोवर आजोबा म्हातारपणामुळे कामातून सुटले होते. तेव्हा ताईंनी जाहीर केलं, "आता मी स्वतःचाच घोडा घेणार."

काय हिंमत, असं सगळे म्हणाले. मास्तर म्हणाले, "घ्या, पण तोवर शाळेतल्या दुसऱ्या एखाद्यावर बसत जा." ताई म्हणाल्या, "उगाच दुसऱ्याच्या घोड्याची सवय कशाला?"

इथेच घोडं पेंड खात होतं. सव्वा वर्षात ताईंनी अकरा घोडे पाहिले आणि अकराही नाकारले. एकाची मान आखूड होती. एक फार फुरफुरत होता. एकाचं सगळं चांगलं होतं, पण त्याचा मालक डोळ्याला डोळा देत नव्हता. एक घोडी तर "बघते कशी बघा, तुच्छतेने" म्हणून बाद झाली. प्रत्येक वेळी मास्तर चक्कर मारत आणि ताई कुंपणाला टेकून दोष काढत. त्या अकरांपैकी एकाच्याही पाठीवर ताई बसल्या नव्हत्या, हे बाहेर कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असलं तरी कुणी बोललं नाही.

ताईंना भीती वाटत होती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावंसं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ताईंना लाज वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाजच जास्त जड झाली होती. जोवर घोडा निवडणं चालू होतं तोवर बसणं टळत होतं आणि इभ्रतही शाबूत होती. निवडणं सोडून दिलं तर मात्र संपलं, परत कधीच बसणं होणार नाही, हे त्या पक्कं ओळखून होत्या. पुन्हा पुन्हा "परत एकदा दाखवा" म्हणणाऱ्या माणसाला चष्मा नकोच असतो, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ते सुचलं नाही.

शेवटी एका रविवारी मास्तरांनी त्यांना मावशींच्या तबेल्यात नेलं. मावशी म्हणजे सत्तरीला टेकलेली, एके काळी उड्यांच्या शर्यती गाजवलेली बाई. गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे जुना चाबूक काठीसारखा टेकत चालत. जनावरं कमी करायची म्हणून त्यांनी दोन विकायला काढली होती, कप्तान नावाचा घोडा आणि मिरी नावाची घोडी. त्यांनी सुरुवातीलाच दोन अटी सांगितल्या. "शनिवारी दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, ते दोन्ही न्यायला तयार आहे. तेव्हा शनिवारी सकाळपर्यंत सांगा. आणि दुसरं, स्वतः बसून बघितल्याशिवाय माझ्याकडून कुणी घोडा नेत नाही."

दुसरी अट ऐकून ताईंनी जनावरांचे दात बघायला मागितले. मग खूर. मग शेपटीखालची जागा. मग पाणी किती पितात याची चौकशी. अर्धा तास झाल्यावर मावशी म्हणाल्या, "ताई, दात मोजून झाले, परत उगवायचे नाहीत. आता बसा."

कप्तान उंच, तपकिरी, काळ्या आयाळीचा, कपाळावर पांढरा टिळा. तो उभा राहिला की आपोआप छायाचित्र निघाल्यासारखं वाटे. मास्तरांनी आधी त्याच्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि उतरले ते चेहरा उजळलेला घेऊन. "ताई, हा घोडा नाही, हे वाद्य आहे. बोट हललं की वळतो. हाच घ्या." हा घोडा ताईंनी घेतला तर आठवड्यातले सहा दिवस त्याला फिरवायला कोण लागणार होतं, हे मास्तरांनी सांगितलं नाही.

ताई घोड्यावर बसायच्या चौथऱ्यावर चढल्या, पाय टाकला, बसल्या. खरोखरच बोट हललं की कप्तान वळत होता. उजव्या हाताने, म्हणजे उजवीकडे वळत, एक फेरी छान झाली. मग डाव्या हाताने, डावीकडे वळत, निघाल्या. रिंगणाच्या डाव्या कोपऱ्यावर आतल्या बाजूला पाण्याचं एक निळं पिंप होतं. कोपरा आला आणि कप्तान दचकून बाजूला सरला. ताईंनी आयाळ धरली, म्हणून राहिल्या. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तेच. ताई उतरल्या आणि म्हणाल्या, "छान आहे," पण त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

मिरी बुटकी, करडी, अंगभर काळे ठिपके, पोट पिंपासारखंच गोल. ती निघाली ती एकाच चालीने रिंगणाला दोन्ही बाजूंनी फेऱ्या घालून परत आली. कोपऱ्यावर काहीच झालं नाही. ताईंनी टाच दिली तरी फार नाही, लगाम खेचला तरी फार नाही. "हिला कळतंय तरी का कुणी बसलंय?" ताई म्हणाल्या. "ही काही ऐकत नाही."

घरी परतताना चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "कळलं मला! त्याला डाव्या डोळ्याने कमी दिसतं."

"हं," गाडी चालवत असलेले नवरोबा म्हणाले.

बुधवारी दोन्ही दुकानांना सुट्टी असते. ताई पिशवी भरून, नवरोबांना आणि मास्तरांना घेऊन तबेल्यात हजर झाल्या. पिशवीत विजेरी, फीत, पांढरा रुमाल आणि कापसाचं बंडल. विकत घेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची, असा रिवाजच आहे, म्हणून डॉक्टर त्याच दिवशी दुपारी यायचे होते. त्यांच्या आधी ताईंना आपला निकाल लावून ठेवायचा होता. त्यांनी कप्तानच्या उजव्या डोळ्यावर रुमाल धरायला नवरोबांना सांगितलं आणि स्वतः डाव्या बाजूने कापसाचे बोळे सोडायला लागल्या. कप्तानने पहिला बोळा बघितला. दुसराही बघितला. तिसरा खाल्ला.

"बघितलंत? त्याला तो कापूस आहे हेच दिसलं नाही," ताई म्हणाल्या.

"तो रुमालही खातोय," नवरोबा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य.

मावशी तबेल्याच्या दारात स्टुलावर बसून हे सगळं चहा पीत बघत होत्या. एकदा चहा त्यांच्या नाकात गेला.

डॉक्टर आले. घोड्याला अंधाऱ्या ठाणात नेऊन त्यांनी दहा मिनिटं दोन्ही डोळे तपासले. ताई शेजारी उभ्या राहून मार्गदर्शन करत होत्या. "डाव्याची बाहुली बघा. सावकाश आकसते, नाही?" डॉक्टर सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "डोळे उत्तम आहेत ताई. दोन्ही. माझ्यापेक्षा चांगले."

"मग डाव्या कोपऱ्यावर का बुजतो?"

"कुणी बसल्यावर?"

हा प्रश्न ताईंना आवडला नाही. पण मावशींनी स्टुलावरून हाक मारलीच, "मास्तर, बसा जरा." मास्तर आनंदाने बसले. डाव्या हाताने पाच फेऱ्या झाल्या. पिंप जागेवर होतं, कोपरा जागेवर होता, आणि कप्तान लोण्यासारखा वळून जात होता. मावशी पुटपुटल्या, "नाचता येईना अंगण वाकडं." मग मोठ्याने म्हणाल्या, "आता ताई, तुम्ही. पण एक करायचं. फेरी सुरू झाली की मोठ्याने आकडे म्हणायचे, एकापासून. इथे मला ऐकू आले पाहिजेत."

"हे काय पोरखेळ?"

"म्हणा तर."

ताई निघाल्या. एक, दोन, तीन, चार. आवाज खणखणीत. दुकानातल्या त्या खुर्चीशी उभं राहून कमावलेला आवाज होता तो. पाच, सहा, सात. कोपरा आला. आणि आवाज बंद. कप्तान दचकला, सरला, सावरला. कोपरा गेला. आठ, नऊ, दहा.

"परत," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत बावीसपर्यंत आवाज आला, मग पुन्हा शांतता, आणि कोपऱ्यापलीकडे तेवीस. तिसऱ्या फेरीतही तसंच. आपण थांबलो हे ताईंना पहिल्यांदा कळलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी कळलं. कोपऱ्यावर त्यांचा श्वास बंद होत होता, डावा खांदा कानाकडे वर जात होता, बोटं आवळली जात होती. ज्यातून बोटांनी हळू बोलायचं असतं, त्या लगामातून त्या घोड्याच्या तोंडात ओरडत होत्या, की इथे काहीतरी भयंकर आहे. तो बिचारा विश्वास ठेवत होता.

"आता मिरीवर," मावशी म्हणाल्या. मिरीवरही तेच झालं. कोपरा आला की आकडे गायब. फरक एवढाच, की मिरी आपल्या चालीने पुढे गेली. ताई उतरल्या आणि घोडेस्वारीची कडक टोपी काढून त्यांनी बगलेत मारली. "बघा, हिला काहीच कळत नाही. आणि त्याला नको तेवढं कळतं. मला दोन्ही नकोत," असं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्या. कापसाचं बंडल तिथेच राहिलं.

गुरुवारी ताईंनी चार जणांचे नंबर काढले आणि चारही जणांवर ओरडल्या. शुक्रवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून त्या शेजारच्या गाळ्यात गेल्या. शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं होतं. नवरोबा केस झाडत होते. ताई आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मागून जरा कमी करा."

नवरोबांनी त्यांच्या खांद्यावर पांढरं कापड टाकलं, गाठ मारली आणि कात्री घेतली. बराच वेळ नुसती कात्री वाजत होती.

"मी उद्या मावशींना नाही म्हणून कळवते," ताई आरशात बघत म्हणाल्या. "या वयात कशाला नसती थेरं? गुडघाही दुखतो अधूनमधून."

"हं."

"हं काय? काहीतरी बोला. तुम्ही बुधवारी कुंपणाशी दोन तास उभे होतात. काय बघत होतात?"

"कान," नवरोबा म्हणाले.

"कुणाचे?"

"घोड्यांचे. मला दुसरं काय कळतं? तीस वर्षं लोकांच्या कानाशी कात्री घेऊन उभा आहे. माणूस तोंडाने काही म्हणो, घाबरला की कानामागची कातडी ताणते." त्यांनी ताईंचं डोकं दोन बोटांनी जरा पुढे झुकवलं. "तुला वाटतंय मिरीला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं. कोपरा आला, तुझा आवाज बंद झाला, की दर वेळी तिचा डावा कान मागे, तुझ्याकडे वळायचा. एकदाही चुकला नाही. अर्धं पाऊल हळू व्हायची, ऐकून घ्यायची आणि मग चालायला लागायची."

ताई आरशातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग ती बुजली का नाही?"

"ते मला काय माहीत? तू घाबरली आहेस हे तिला कळलं. पण म्हणून तिनेही घाबरायला पाहिजे असं तिला वाटलं नसेल."

कात्री पुन्हा वाजायला लागली. ताईंच्या मनात एक प्रश्न आला, तो त्यांना विचारायचा नव्हता, पण विचारला गेला. "मी घाबरते हे तुम्हाला कधी कळलं?"

"हात गळ्यातून काढला त्या आठवड्यात. पहिला घोडा बघायला गेलो तेव्हा तू घोड्यावर बसायची टोपी घरी विसरलीस. तू काही विसरत नाहीस."

"दीड वर्ष! आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू सगळ्यांना हसून सांगत होतीस. मी कुठे मध्ये तोंड घालू? म्हटलं, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. आपण गाडी चालवू." ते थांबले. "अकरा ठिकाणी नेलं की."

ताईंना रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नाक गळायला लागलं. अंगावर ते कापड होतं, हात आत अडकलेले. नवरोबांनी खांद्यावरचा नॅपकिन काढून त्यांचं नाक पुसलं, जसं एखाद्या पोराचं पुसतात. ताई म्हणाल्या, "त्याला केस लागलेत." ते म्हणाले, "तुझेच आहेत."

शनिवारी सकाळी तबेल्यात मास्तर आधीच येऊन कप्तानला खरारा करत होते, म्हणजे ताईंचा निर्णय त्यांनी ताईंच्या आधी घेतला होता. मावशी स्टुलावर. ताई गाडीतून उतरल्या, टोपी हातात होती. सरळ चालत मावशींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला भीती वाटते. पडल्यापासून वाटते. डाव्या वळणाची जास्त वाटते. ते अकरा घोडे चांगले होते, आणि कप्तानचा डोळाही चांगला आहे."

हे सगळं एका दमात झालं. मास्तरांच्या हातातला खरारा थांबला. ताईंना वाटलं होतं, हे बोलल्यावर जमीन दुभंगेल. एक कोंबडी इकडून तिकडे गेली, एवढंच झालं.

"हे रविवारी बोलला असतात तर तुमचा कापूस वाचला असता," मावशी म्हणाल्या. "त्याला अजून पचलेला नाही तो. बरं, कुठला?"

"मिरी."

"ताई, पण कप्तान…" मास्तर कळवळून म्हणाले.

"मास्तर, कप्तान सोन्यासारखा आहे. पण तो भित्रा आणि मीही भित्री. दोघांनी एकमेकांना घट्ट धरून घाबरत राहायचं, हे लग्नात चालून जातं, घोड्यावर नाही. मला घाबरायला मोकळीक देईल असं कुणीतरी हवंय." मास्तरांनी कप्तानच्या मानेवर थोपटलं, जरा जास्तच वेळ थोपटलं, आणि मिरीचं खोगीर आणायला गेले. चांगला माणूस.

ताई चौथऱ्यावर चढल्या. पाय टाकला आणि बसल्या. उजव्या हाताने एक फेरी झाली. मग मावशींनी चाबूक फिरवून डावीकडे खूण केली. आकडे म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. मिरी दुडक्या चालीने निघाली, ताई उठत बसत, उठत बसत. पिंप दिसायला लागलं. श्वास आवळत चालल्याचं या वेळी त्यांना आधीच कळलं, आणि काय करावं हे न सुचून त्या मोठ्याने म्हणाल्या, "घाबरले!"

मिरीचा कान मागे वळला.

"घाबरले गं! फार घाबरले! आला कोपरा, आला, आई गं, घाबरले, घाबरले…"

दीड वर्ष कुणाला कळू दिलं नव्हतं, ते आता सगळ्या तबेल्याला ऐकू जात होतं. ठाणांमधून इतर जनावरांनी माना बाहेर काढल्या. मिरीने अर्धं पाऊल हळू केलं, ऐकून घेतलं आणि कोपरा वळून पुढे चालू लागली. पिंप मागे गेलं. ताईंचा चेहरा लालबुंद झाला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं, हसण्याचं की कशाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवरोबा कुंपणाशी उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी वरची फळी धरून ठेवली होती आणि ते काहीच म्हणाले नाहीत, "हं" सुद्धा नाही.

"बास, आजच्यापुरतं पुष्कळ झालं," मास्तर ओरडले. "या आता मध्ये."

ताईंनी ऐकलं. मग त्यांनी मिरीला टाच दिली आणि परत डावीकडे घातलं.